उपासात मासळीची गादी राखिली, त्याची हकीकत

दर्यावर्दींचे कैवारी संत निकोलस यांस नमन करोन सेवक आनेस्तिस याने हॅलोरन बंदरीची हकीकत लिहिली, ती देवळाच्या दालनात कॉफीपानसमयी भरसभेत वाचोन दाखवितो. कोणी एक अक्षर खरे मानणार नाही. न मानोत. या बंदरी खरे मानितात ते फक्त हवामानखात्याचे, आणि भिजोन घरी येतात.

राजश्री पँतेलिस आणि राजश्री लेफ्तेरिस, कारात्झास या ग्रीक घराण्याचे उभयतां बंधू, मासळी व बटाटे चरबीत तळोन विकीत. थोरले कढईचे सुभेदार, धाकटे कागदी पुडक्यांचे, आणि उभयतांत अबोला. कारण एवढेच जे थंड बाटल्यांचे कपाट दारी ठेवावे की भिंतीशी, या मसलतीत एकमत न जाहले. मग एका छपराखाली दोन दरबार, आणि इकडचे हुकूम तिकडे मातुःश्री स्तामातिया यांचे मुखे जात. मातुःश्री मध्ये उभ्या राहोन निघेल त्या मासळीवर स्वहस्ते मीठ घालीत. मिठाच्या डब्यास इतरांनी हात लावणे मना.

ऐसे असतां ईस्टरपूर्वीचा मोठा उपास लागला आणि तेच सोमवारी मातुःश्रींचा गुडघा फितूर जाहला. त्या गल्ल्यापाशी खुर्चीवर बसल्या, आणि मिठाची जागा रिकामी पडली. थोरले समजले, धाकटा घालितो. धाकटे समजले, थोरला घालितो. पुसावे तर अबोला मोडतो, आणि इभ्रत जाते. घराण्याची चाल ऐसी जे उपासात मांस, मासळी, चरबी वर्ज. म्हणोन जी जिन्नस दिवसभर तळावी तिचा कण कोणी जिभेस लाविला नाही. येणेप्रमाणे मीठ दरोबस्त बंद जाहले, आणि दुकानात कोणास वार्ता नाही.

गिऱ्हाईक तो परम सभ्य. अळणी मासळी गिळोन म्हणे, "झकास, दोस्ता!" आणि पुढले शुक्रवारी रस्ता ओलांडोन समोरच्या कोंबडीवाल्याकडे जाय. कोंबडीवाला मोठा गनीम, अनेक शहरी त्याची ठाणी. त्याने निरोप धाडिला की जागा मजला द्यावी. बंधूंनी मातुःश्रींमार्फत करार केला की आपल्या ग्रीक पंथाचे ईस्टर गावच्या ईस्टरामागून पडते, सबब गावचा गुड फ्रायडे आपल्या उपासातच येतो, ते दिवशी तमाम गाव मासळी खातो. तेव्हाही दारी रांग न लागली तर किल्ली गनिमाचे हाती द्यावी आणि बापाने उभारिलेली गादी मोडावी.

मग कुमकेस धाकट्यांचे चिरंजीव इओर्दानिस मेलबर्नाहून दाखल जाहले. व्यापारशास्त्राची पदवी घेतलेली, बटाटा जन्मात सोललेला नाही, परंतु बटाट्याविषयी रंगीत तक्ते बहुत. त्यांनी फर्माविले जे भिंती राखी रंगाच्या कराव्या, बाके काढोन उंच तिवया मांडाव्या, ज्यांवर कोळियाचा पाय पोहोचू नये, आणि पाटीवरील मासा पुसोन 'सागरानुभव' ऐसे नाव लिहावे.

"काका, लोक मासे खायला येतच नाहीत हो. लोक अनुभव घ्यायला येतात."

"मग तळू काय?" थोरले म्हणाले. "अनुभव?"

तरी भिंती रंगल्या, तिवया आल्या, पाटी बदलली. अकलेचा एवढा मोठा सरंजाम आला, आणि त्यात मूठभर मीठ नव्हते.

गुड फ्रायडेस दोन प्रहरी समोर गनिमाच्या दारी ही गर्दी, आणि इकडे चिरंजीव एकटेच तिवईवर बसोन अनुभव घेताहेत. कराराप्रमाणे थोरल्यांनी किल्ली खिळ्यावरोन काढिली. तोच शेजारीण डल्सीबाई आल्या. एक मासा घेतला, कागद उलगडला, आणि पिशवीतोन आपली मिठाची बाटली काढोन हळूच मासळीवर झाडिली. मातुःश्रींनी ते देखिले.

"डल्सी, हे गं काय?"

"काही नाही गं. हल्ली सवय लागलीय."

"कधीपासून?"

डल्सीबाई लाजल्या. "तुमचा उपास लागला ना, तेव्हापासून. मला वाटलं, तुमच्यात चालत नसेल मीठ."

मातुःश्रींनी पुत्रांस पुसिले. थोरल्यांनी धाकट्यांकडे बोट केले, धाकट्यांनी थोरल्यांकडे. चाखा म्हणता उभयतां म्हणाले, उपास आहे. चिरंजीवही म्हणाले, माझाही उपास. आणि तयांच्या मिशीस समोरच्या कोंबडीचा मसाला लागलेला!

मग मातुःश्री काठी टेकोन उठल्या. लहानपणापासोन ज्यांचा उपास ना बाळंतपणात मोडला, ना आजारात, त्यांनी क्रूसाची खूण केली आणि कढईतली मासळी उचलोन भरदुकानात तोंडी घातली. थोरल्यांनी टोपी काढिली.

"अळणी! मेल्यांनो, गवत बरं यापेक्षा! देव मला माफ करील. गिऱ्हाईक करणार नाही."

लागलीच हुकूम सुटले. मीठ धाकट्यांनी घालावे आणि थोरल्यांनी तोंडाने विचारावे, 'घातलंस का?' उपास सरेतो रोज पहिली मासळी डल्सीबाईंनी चाखावी आणि 'झकास' न म्हणता खरे सांगावे. चिरंजीवांनी बटाटे सोलावे. मग थोरले घसा खाकरोन भावाशी पहिला शब्द बोलिले, "घातलंस का?" आणि धाकटे म्हणाले, "घातलं रे. ओरडू नकोस."

डल्सीबाई ती मासळी घेवोन रस्त्याच्या मध्यभागी उभ्या राहोन खावो लागल्या, आणि गनिमाची फौज फुटली. रांग लागली ती धक्क्यापर्यंत, आणि धक्क्यावरोन पाण्यात. सील मासे किनारी येवोन नंबराने उभे राहिले, बंदरातले जहाज वासाने माघारी फिरले, आणि कोंबडीवाला खासा टोपी ओढोन दोन पुडकी घेवोन गेला. किल्ली पुन्हा खिळ्यास लागली. सेवकाने तेच सायंकाळी चार तुकडे खादले, ऐसी खमंग मासळी तिन्ही लोकी नाही. येणेप्रमाणे कारात्झास घराण्याची फत्ते जाहली, गादी राहिली, हे दफ्तरी दाखल व्हावे.

"थांब, आनेस्ती!" मागल्या बाकावरोन मातुःश्री स्तामातिया गरजल्या. "त्या दिवशी तू चार तुकडे खाल्लेस? मग ईस्टरला पाद्र्यापुढे 'मी अख्खा उपास पाळला' म्हणून छाती काढून सगळ्यांत पुढे कोण उभा होता रे?"