खालून तिसरा शुभेच्छुक

"या देशात कायदा नावाची एक चीज आहे आणि ती मी तुम्हाला दाखवून देणार आहे!"

उत्तरेश्वरने ही घोषणा हिंजवडीच्या चौकात, कंपन्यांच्या अडकलेल्या बसगाड्यांच्या साक्षीने केली. शब्दांना वजन यावं म्हणून त्याने स्वतःच्याच गाडीच्या बॉनेटवर मूठ आपटली. तोवर कसाबसा लोंबकळत असलेला पुढचा बंपर तेवढ्याने खाली पडला.

"कायदा नंतर दाखवा, आधी हे उचला," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

झालं होतं एवढंच, की विश्वजीतला वळसा घालायचा कंटाळा आला होता. वळण होतं पुढच्या पंपाशी. तेवढं लांब कोण जातो? म्हणून त्याने आपली पांढरी जीप उलट्या बाजूने दामटली आणि उत्तरेश्वरच्या गाडीच्या डाव्या दारात घातली. जीपच्या पाटीवर आकडे असे वळवून लिहिले होते, की ते 'दादा' असे वाचता यावेत. डाव्या सीटवर उत्तरेश्वरची बायको नम्रता होती. तिच्या मनगटाचे दोन तुकडे झाले.

"सर, टेन्शन घेऊ नका," विश्वजीत गॉगल न काढता म्हणाला. "आपलीच गाडी हाय."

"कुठली?"

"दोन्ही!"

पंधरवड्यात नम्रता अमेरिकेला जायची होती. प्रोजेक्ट तिचं, व्हिसाचा शिक्का पडलेला, थंडीचे कपडेसुद्धा घेऊन झालेले. पण मोडक्या हाताने कीबोर्ड बडवणारी बाई तिकडच्या क्लायंटला नको होती. ती जागा शेजारच्या टेबलावरच्या अपेक्षाला मिळाली. जाताना अपेक्षाने नम्रताला एक कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'गेट वेल सून'. शिवाय थंडीचा कोट उसना मागून नेला.

"मला त्या माणसाकडून काही नको," नम्रता प्लास्टरकडे बघत म्हणाली. "त्याने माझ्यासमोर येऊन 'चुकलं' म्हणावं. तेवढं आणा."

"तेवढंच ना?" म्हणत उत्तरेश्वर कोथिंबीर आणायला निघाल्यासारखा निघाला.

वकील बद्रीनाथ नारायण पेठेत बसत. ते बोलताना प्रत्येक शब्द पदरचा खर्च केल्यासारखा काढत.

"साक्षीदार?"

"चौकभर होते!"

"नावं?"

नावं आणायला उत्तरेश्वर चौकात गेला. चहावाला गेनबा म्हणाला, "मी तवा दुधाकडं बघत हुतो." पानवाला चुन्याकडे बघत होता. इस्त्रीवाला कॉलरकडे. त्या सकाळी चौकातला एकही माणूस रस्त्याकडे बघत नव्हता. इतक्या एकाग्रतेने काम करणारा चौक अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल! मागाहून कळलं, की चौकातले सगळे गाळे विश्वजीतचे वडील हिंदुराव यांचे.

चौकीतल्या हवालदारांनीही तक्रारीचा अर्ज ठेवून घेत आपुलकीने सल्ला दिला. "तक्रार लिहू की. तिला काय पाय फुटलेत? पण आधी हिंदुरावांना भेटून घ्या. मोठा माणूस. ही खोलीसुद्धा त्यांचीच, भाडं घेत नाहीत बिचारे."

"जा," बद्रीनाथ म्हणाले. "जीपच्या विम्याची प्रत आणा. लायसनची प्रत आणा. तिथे काही खाऊ नका."

"का?"

"मी सल्ला देतो. कारणं देत नाही."

हिंदुरावांची शेती आयटी पार्काखाली गेली होती आणि तिच्या जागी खांबाखांबांचा एक बंगला उगवला होता. बंगल्यात बसायची हिंदुरावांना सवय नव्हती. ते मागे म्हशींच्या गोठ्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसत.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"औसा. लातूरकडचा."

"आँ! आवं, आमच्या सोजरची मावशी औशालाच दिलीया! म्हंजी पाव्हणंच की तुमी! सोजर, ताट कर!"

सोजरबाईंनी ताट केलं. आता उत्तरेश्वरची अडचण समजून घ्या. वकिलांचा सल्ला त्याला पाठ होता. पण त्याच्या गावाकडे समोर आलेलं ताट सारणं म्हणजे घरातल्या बाईचा अपमान, आणि एकदा ज्याचं ताट घेतलं त्याच्या दारात तक्रार काढणं म्हणजे त्याहून मोठा. हे कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणूनच ते कोणी मोडत नाही. तो बसला. पहिल्या घासानंतर त्याने धीर केला.

"ते... त्या दिवशी चौकात जे—"

"रस्सा वाढा सायबांना!"

विश्वजीत स्वतः वाढायला आला. "वहिनींचा हात कसाय, सर?"

"प्लास्टर आहे."

"जपा. रस्त्यावर लोक कसंबी चालवत्यात!"

जेवण झालं. हिंदुरावांनी उत्तरेश्वरच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, डोक्यावर फेटा चढवला. कोणीतरी फोटो काढला. विम्याचा कागद कपाटात होता, कपाटाची किल्ली पुतण्याकडे होती आणि पुतण्या कोल्हापूरला होता. "परवा या," हिंदुराव म्हणाले. उत्तरेश्वर परवा गेला. पुतण्या आला होता, पण किल्ली कोल्हापुरात राहिली होती. त्या दिवशी माशांचं कालवण होतं.

"खाल्लंत?" बद्रीनाथांनी विचारलं.

"दोनदा."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. माणूस गेल्यावर डॉक्टर पुसतात तसा.

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. विश्वजीतचा वाढदिवस होता. दोन मजली विश्वजीत, कानाला फोन, गळ्यात सोन्याचा गोफ, मागे वाघ. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. त्यात खालून तिसरा चेहरा फेटा बांधून, शाल पांघरून, पोट भरल्याच्या समाधानाने हसत होता. नाव होतं, 'आयटीवाले उत्तरेश्वर साहेब, जिवलग मित्र'.

आणि फ्लेक्स बांधला होता अपघात झाला तिथल्याच खांबाला! त्यामुळे अपघाताची जागा तपासायला विमा कंपनीचा माणूस आला, तेव्हा त्याने प्रथम वर बघितलं, मग उत्तरेश्वरकडे, मग परत वर. त्याने आनंदाने लिहून घेतलं, की दोन जिवलग मित्रांनी संगनमत करून आपसात अपघात घडवला असून दाव्याची रक्कम लाटण्याचा डाव दिसतो.

"अहो, माझ्या बायकोचा हात मोडलाय!"

"तेही संगनमतात धरतात," तो म्हणाला.

"आता तो आपला मित्र नाही, हे सिद्ध करा," बद्रीनाथांनी मार्ग सांगितला. "त्याच्याकडूनच लिहून आणा."

उत्तरेश्वर या वेळी घरूनच जेवून गेला. विश्वजीतने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच गॉगल काढला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

"मित्र न्हाय असं लिहून देऊ? सर, माझं काय चुकलं?"

शब्द आला होता! पण असा प्रश्नार्थक, आणि भलत्याच ठिकाणी. तो घरी नेऊन उपयोग नव्हता.

"त्या दिवशी तुम्ही उलट्या बाजूने आलात, ते!"

"ते सोडा वो! मी मैत्रीचं बोलतोय! आईनं तुमाला सोताच्या हातानं माशाचं कालवण वाढलं, सर!"

तिथून उत्तरेश्वर तडक चौकात आला. भर दुपार होती. गेनबाचं स्टूल ओढून तो वर चढला आणि निदान आपला चेहरा तरी कापून काढावा म्हणून खिशातली किल्ली त्याने फ्लेक्सला लावली. त्याचा चेहरा सुखरूप राहिला. फाटला तो नेमका विश्वजीत, कानापासून गोफापर्यंत.

आणि काय चमत्कार! चौकाला एकाएकी दृष्टी आली! गेनबाने दुधावरून नजर काढली, पानवाल्याने चुन्यावरून, इस्त्रीवाल्याने कॉलरवरून. सगळ्यांनी सगळं बघितलं, अगदी कुठल्या हाताने फाडलं तेसुद्धा. उत्तरेश्वर चौकीत पोचायच्या आत साक्षीदार पोचले होते. हवालदारांनी नवा कागद घेतला, पेन झटकलं आणि तक्रार लिहायला सुरुवातही केली.

"माझी तक्रार महिनाभर पडून आहे!"

"तुमच्या तक्रारीला साक्षीदार कुठे होते, साहेब? बाहेर बघा, जमाव आहे. भावना दुखावल्यात."

जमावाच्या भावना खिडकीतून आत डोकावत होत्या. तेवढ्यात हिंदुराव आले. जमाव बाजूला झाला.

"सोडा रं त्यांना. आपलाच माणूस हाय. पाव्हणा हाय. चुकलं म्हणून दोन वळी लिवून देतील आनी ती जुनी तक्रार माघारी घेतील. मिटलं! काय, सायेब?"

उत्तरेश्वरने खिडकीकडे बघितलं. हवालदारांनी पेन पुढे केलं होतं. त्याने लिहिलं, 'माझे चुकले. पुन्हा असे होणार नाही.' अक्षर सुरेख होतं. शाळेत त्याला अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं. हवालदारांनी कागदावर शिक्का मारला. विश्वजीतने त्याला मिठी मारली.

"सर, पुढच्या साली फोटो ईनशर्ट करून द्या."

घरी नम्रता उशीवर हात ठेवून बसली होती.

"म्हणाला का?"

उत्तरेश्वरला बूट काढायला त्या दिवशी फार वेळ लागला.

"लेखी झालं," तो म्हणाला. "चौकीत. शिक्क्यासकट."

"त्याने लिहून दिलं?"

"मी."

नम्रताने हाताखालची उशी सरळ केली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं उत्तरेश्वरला वाटलं. तो उठून उभा राहिला.

"पण हे इथे संपत नाही, सांगून ठेवतो! मी वर जाणार! हायकोर्टात जाईन, दिल्लीला जाईन, एकेकाला—"

"जा," नम्रता म्हणाली. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि धडक्या हाताने खांद्यावरून कंगवा मागे धरला. "जायच्या आधी तेवढी माझी वेणी घाला. उद्या लवकर निघायचंय, अपेक्षाचं इथलं काम माझ्या अंगावर आलंय. आणि जरा हळू ओढा."