उघड्या झाकणाचा रणगाडा

प्रजासत्ताक दिनाचं संचलन टीव्हीवर सुरू झालं की परबकाका रणगाड्यांसाठी उभे राहतात. क्षेपणास्त्रं आली की खाली बसून चहा घेतात. विमानांकडे तर बघतही नाहीत. "वरून काय, कोणीही जाईल. जमिनीवरून जाऊन दाखवा," हे त्यांचं मत.

काका कांदिवलीला आमच्याच मजल्यावर राहतात. सगळी नोकरी विम्याच्या ऑफिसात झाली. सैन्याशी संबंध एवढाच, की एकदा सहलीत ते चौथऱ्यावर ठेवलेल्या जुन्या रणगाड्यावर चढले आणि रखवालदाराने शिट्टी मारून त्यांना उतरवलं. ती हकिकत ते अशा थाटात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, लढाई जिंकूनच उतरले.

एखादी गोष्ट नीट पाहिलीस का, हे विचारायचं झालं की ते म्हणतात, "चाकं मोजलीस?" माझ्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा झकास, नोकरी बरी, घरात सगळे खूश. काकांनी फोटो चष्म्याजवळ धरला आणि बाबांना विचारलं, "चाकं मोजलीस?" बाबांनी मुकाट्याने पुन्हा चौकशी केली. मुलगा चांगलाच निघाला, पण त्याचं श्रेय काका आजही घेतात.

अशा माणसाने मंडळ काढलं नसतं तरच नवल. पश्चिम उपनगर रणगाडाप्रेमी मंडळ. मूठभर सभासद, सगळे प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडून रंगवणारे. त्यातले बोरिवलीचे जाधव दातांचे डॉक्टर आहेत आणि दात कोरायच्या हत्याराने रणगाड्याच्या पट्ट्यांवर चिखल कोरतात. पेशंटसाठी हत्यारं वेगळी ठेवतो, असं ते न विचारता सांगतात. वाकोल्याच्या एका हॉलमध्ये मंडळाचं पहिलं प्रदर्शन ठरलं, आणि काकांच्या मनात आलं की आता छातीवरच्या बिल्ल्यासाठी बोधचिन्ह हवं. मी लग्नपत्रिका आणि गणपतीचे बॅनर डिझाइन करतो, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी माझ्या सवयीने रणगाड्यामागे उगवता सूर्य काढला, खाली दोन तलवारी, तोफेतून धूर. काकांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यात भाऊंचा वाढदिवसाचा फोटो तेवढा राहिला." सूर्य गेला, तलवारी गेल्या. मग त्यांनी चाकं मोजली. मी सहा काढली होती. त्यांच्या लाडक्या जुन्या रणगाड्याला एका बाजूला पाचच असतात, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात इतरांपेक्षा जास्त अंतर असतं. मी पाच केली, तर अंतर कमी पडलं. अंतर वाढवलं, तर फारच वाढलं. मग रणगाड्याचं तोंड डावीकडे झालं, कारण चालक डाव्या अंगाला बसतो आणि ती बाजू दिसायला हवी. धूर मात्र त्यांना मनापासून आवडला. तो आहे तसाच ठेव म्हणाले.

सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी शेवटची सूचना केली. चालकाच्या डोक्यावरचं झाकण उघडं दाखव. मला काय, मी दाखवलं.

सोसायटीच्या ऑफिसात मंडळाची सभा भरली आणि तिथे वांधे झाले. जाधव डॉक्टरांनी चित्र हातात घेतलं आणि जरा संकोचून म्हणाले, "काका, रणगाडा तोफ डागतोय आणि चालकाचं झाकण उघडं? हे चूक आहे, लढताना ते बंद असतं. ठाण्याची रणगाडेवाली मंडळी येणार आहेत, हसतील आपल्याला."

बाकीच्यांनी माना हलवल्या. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाच्या केकवरच्या रणगाड्यातही त्यांनी चुका काढल्या होत्या. त्यांचे कान लाल झाले.

"चूक तर चूक," ते म्हणाले. "झाकण उघडं राहील. नाहीतर दुसरा अध्यक्ष बघा."

सभा तिथेच संपली. मी मनातून वैतागलो. चाकांच्या अंतरासाठी ज्यांनी माझा जीव खाल्ला, त्या माणसाला छातीवर ढळढळीत चूक मिरवायची होती. दोन शब्द सुनवावे म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

काका स्वयंपाकघरात चहा करत होते. काकू खिडकीपाशी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांची फुप्फुसं अधू झाली आहेत. नाकात नळी असते आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. समोरच्या काचेच्या कपाटात काकांचे सगळे रणगाडे ओळीने उभे होते. इतकी वर्षं त्या घरात जाऊन मी पहिल्यांदाच नीट बघितलं. एकूण एक रणगाड्याचं झाकण उघडं होतं.

मी काकूंना विचारलं. त्या मूळच्या मालवणकडच्या. हसल्या, थोडा दम घेतला आणि म्हणाल्या, "मीच सांगलंय तेंका. उघडा ठेवा ओ ता झाकण. भितरल्या माणसाक वारो नको?"

काका चहा घेऊन आले होते. त्यांनी ऐकलं. कप ठेवला, काकूंची उशी सारखी केली. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "बंद झाकण बघितलं की तिला धाप लागते रे. मग मी काय करू?"

मी घरी आलो, कॉम्प्युटर लावला आणि तोफेपुढचा धूर पुसून टाकला. तोफ शांत, रणगाडा आपला रस्त्याने चालला आहे. आता झाकण उघडं असायला कोणाची हरकत असणार? जाधव डॉक्टरांनी चित्र पुन्हा तपासलं आणि एकदम बरोबर म्हणाले. खूप बॅनर केले मी, पण इतका अभिमान मला कुठल्याच कामाचा वाटला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी काका ब्लेझर घालून आले. छातीवर पितळी बिल्ला. ठाण्याची मंडळी आली, त्यांनी वाकून बिल्ला बघितला आणि मान डोलावली. कोणीतरी झाकणाबद्दल विचारलं. काका ताठ उभे राहिले आणि लांबच्या प्रवासात चालक डोकं बाहेर काढून गाडी कशी हाकतो, यावर त्यांनी व्याख्यान दिलं. काकूंचं नाव काढलं नाही. पण काकांची मान त्या दिवशी जितकी ताठ होती, तितकी मी कधी पाहिली नव्हती.

मग ते कोपऱ्यात गेले. घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बिल्ल्यासमोर धरला. मी शेजारीच होतो. पडद्यावर काकू अगदी जवळ येऊन बघत होत्या.

"बरो दिसता," त्या म्हणाल्या. थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज आला. मग म्हणाल्या, "लवकर येवा."

प्रमुख पाहुणे हॉलच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा आमचे अध्यक्ष बाहेर रिक्षात बसले होते.