दुसऱ्या रांगेतली तिसरी बाटली

आमच्या जवळा बाजार गावात मला कुणी फसवू शकत नाही. ही बढाई नाही, ती माझी नोकरी आहे. सोयाबीन खरेदी केंद्रावर मी ग्रेडर आहे. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, पार तळाचे दाणे बाहेर काढायचे, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकायचे आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघता आकडा सांगायचा. लोक वर वाळलेला माल भरतात, खाली ओला. काही जण तर रुमालात नमुना बांधून आणतात आणि म्हणतात, "बुद्धभूषण, कशाला तकलीफ घेता, हाच बघा की." मी रुमालाला हातसुद्धा लावत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं जे घडलं ते एखाद्या भोळ्या माणसाच्या बाबतीत घडलं असं तुम्हाला वाटू नये.

मोहनसिंगभाऊंचं बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मुलीचं लग्न ठरलं म्हणून ते सफारी शिवायला गेले. टेलरची टेप पोटाला पुरली नाही, त्यानं शांतपणे सुतळी घेतली आणि माप काढलं. त्या दिवशी भाऊ दुकानात कुणाशी बोलले नाहीत. माझं पोट काही सुतळीपर्यंत गेलेलं नव्हतं, पण नळी खुपसायला वाकलो की मलाही माझे बूट दिसत नव्हते.

अशात भाऊंना व्हॉट्सॲपवर 'निरोगी परिवार' नावाचा ग्रुप सापडला. तो चालवणाऱ्याला सगळे नुसतं 'सर' म्हणत. सर पेप्टाइड विकत. पेप्टाइड म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या बाटलीतली पांढरी भुकटी. पाण्यात कालवायची, पोटाला टोचून घ्यायची, मग म्हणे भूक मरते आणि वजन उतरतं. दवाखान्यातलं असलं औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि परवडतही नाही. सरांकडं चिठ्ठी लागत नव्हती, आणि सगळ्यांनी मिळून मागवलं की स्वस्त पडत होतं.

माझी बायको दीक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, आधी डॉक्टरला विचारा. मी म्हणालो, डॉक्टरला कशाला, मी आहे ना.

मी ग्रुपवर सरळ लिहून टाकलं की लॅबमध्ये तपासल्याशिवाय आमचं गाव एकही बाटली घेणार नाही. मला वाटलं होतं सर चिडतील. सर खूश झाले. म्हणाले, अशीच जागरूक माणसं परिवाराला हवीत. तपासणीची सगळी व्यवस्था मी करतो, खर्च आपण सगळे वाटून घेऊ. मी म्हणालो, नमुना मात्र मी निवडणार. सर त्यालाही तयार. व्हिडिओ कॉलवर त्यांनी बाटल्यांचं अख्खं खोकं दाखवलं. मी बराच वेळ विचार करून सांगितलं, दुसऱ्या रांगेतली तिसरी. सरांनी तीच उचलली, माझ्यासमोर पाकिटात घातली, चिकटवली, वर सही केली.

दीक्षा शेजारी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "ते पाकीट लॅबला कोण नेणार?"

"सर."

"अन् आपल्याला माल कोण पाठवणार?"

"सरच. दुसरं कोण पाठवणार?"

तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. तिला पटलं असं मी समजलो.

रिपोर्ट आला तेव्हा मी केंद्रावर होतो. चार पानं, सगळं इंग्रजीत, वर बाटलीचा फोटो, खाली शिक्का. मधल्या पानावर आलेख होता. सपाट रेघ चाललेली, मध्येच एक सुळका, पुन्हा सपाट. सेनगावकडच्या माळावर मोबाइलचा एकटा टॉवर उभा असावा तसा. शुद्धता जवळजवळ शंभर टक्के. तो आलेख मी चहाच्या टपरीवर किती जणांना समजावून सांगितला, मला आठवत नाही. मला स्वतःला तो कुणी समजावून सांगितला नव्हता, पण त्यानं काही अडलं नाही.

मग सरांनी ग्रुपवर माझा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'नमुना स्वतः निवडणारे, हिंगोली जिल्ह्याचे शासकीय तपासणी अधिकारी.' मी शासकीय नाही, कंत्राटी आहे. अधिकारी तर आमच्या घराण्यात अजून कुणी झालेलं नाही. हे कळवावं म्हणून मी फोन हातात घेतला, फोटो पुन्हा एकदा बघितला, आणि फोन ठेवून दिला. फोटो चांगला आला होता.

तो फोटो सरांच्या बाकीच्या ग्रुपांवरही फिरला असणार, कारण मला फोन यायला लागले. परभणीहून, वाशिमहून, कुठून कुठून. "साहेब, घेऊ का?" मी म्हणायचो, "रिपोर्ट बराबर हाय." एवढंच म्हणायचो. पण साहेबाच्या आवाजात म्हणायचो.

माल आला. मोहनसिंगभाऊंनी त्याच दिवशी सुरुवात केली. माझ्या बाटल्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी पडून राहिल्या. आधी एकाचा अनुभव बघावा हा शास्त्रीय नियम असतो, असं मी भाऊंना सांगितलं. खरं म्हणजे मला सुईची भीती वाटते.

आठवडा झाला आणि भाऊंच्या पोटावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. मी आलेख काढून बघितला. त्यात गाठींचं काही नव्हतं, म्हणून मी त्यांना धीर दिला. मग ताप भरला. एक गाठ पिकली आणि भाऊंना दुकानात बसवेना. त्यांच्या घरच्यांनी त्यांना हिंगोलीला दवाखान्यात नेलं. मी मागोमाग गेलो. भाऊंचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ज्या मुलीचं लग्न होतं ती बाहेरच्या बाकावर बसून माझ्याकडं बघत होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काय टोचलं होतं? मी फोन पुढं केला. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली.

"रिपोर्ट उत्तम आहे," ते म्हणाले. "रिपोर्टला काहीही झालेलं नाही. झालंय ते यांना. बाटली आणलीय का?"

बाटली भाऊंच्या बायकोनं पिशवीत आणली होती. डॉक्टरांनी ती रिपोर्टातल्या फोटोशेजारी धरली. फोटोतल्या बाटलीला निळं झाकण होतं आणि बॅच नंबर होता. आमच्या बाटलीचं झाकण करडं, आणि नंबराच्या जागी काहीच नाही. तो फोटो मी टपरीवर अर्ध्या गावाला दाखवला होता.

भाऊंची गाठ कापून साफ केली आणि त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. मी बाहेर येऊन रिपोर्टवरच्या नंबरला फोन लावला. लॅब खोटी असेल अशी माझी खात्री होती. लॅब खरी निघाली. तिथले गृहस्थ फार सभ्यपणे बोलले. रिपोर्ट त्यांचाच होता. पाकिटात जे येतं ते आम्ही तपासतो, तुमच्या फ्रिजमध्ये काय आहे ते आम्हाला कसं माहीत असणार, असं त्यांनी विचारलं. रुमालातला नमुना मी चार पानं भरून पास केला होता, हे मला तिथं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उमगलं.

मग सरांना लावला. मी पुष्कळ ओरडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुम्ही नमुना तपासायला सांगितला होता," ते म्हणाले. "नमुना चांगलाच होता."

मी ग्रुपवर सगळं लिहिलं, झाकणांचे फोटो टाकले. थोड्याच वेळात मला ग्रुपमधून काढण्यात आलं. माझा फोटो मात्र काढला नाही. फोन येतच राहिले. आता मी म्हणायचो, घेऊ नका, भेसळ आहे. लोक जरा थांबून विचारायचे, "काहून साहेब, सरांशी बिनसलं का?" एकानं तर कमिशन वेळेवर मिळत नाही का, म्हणून आपुलकीनं चौकशी केली. पोत्यातला ओलावा सांगताना माझ्यावर कुणी शंका घेत नाही. खरं सांगताना मात्र कुणाचाच विश्वास बसेना.

सेनगावजवळच्या एका तांड्यावरून केशरबाई नावाच्या बाईंचा फोन आला. पोरगी लग्नाची, अंगानं भरलेली, पाहुणे येऊन परत जात होते. पैसे भरून झाले होते, पार्सल दुसऱ्या दिवशी यायचं होतं. मी त्यांना परोपरीनं सांगितलं.

"पन त्या फोटोतले साहेब तर घ्या म्हनून राहिले," त्या म्हणाल्या.

"तो फोटोतला मीच हाय."

"कशावरून?"

कशावरून, ते फोनवर सांगता येईना. भाऊ नुकतेच घरी आले होते. मी त्यांच्याकडं गेलो, सगळं सांगितलं आणि हात जोडले. माझ्याकडं बघायचीही त्यांची इच्छा नव्हती. पण पोरीचं लग्न म्हटल्यावर ते उठले. सकाळीच आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तांड्यावर गेलो. दर खड्ड्याला भाऊ पोट धरायचे आणि माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघायचे.

केशरबाईंनी आधी माझं तोंड फोनमधल्या फोटोशी ताडून बघितलं. मग भाऊ त्यांच्याशी गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. पण मध्येच भर अंगणात त्यांनी सदरा वर केला, पट्टी सोडवली आणि ताजी जखम दाखवली, तेवढं मला कळलं. शेजारच्या बायकाही येऊन बघून गेल्या. एवढा अभिमानी माणूस, टेलरनं सुतळी काढली म्हणून मुका झालेला, तो उन्हात सदरा धरून उभा राहिला, सगळ्यांचं बघून होईपर्यंत.

केशरबाईंनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "न्हाई घेत. पार्सल आलं की वापस लावते." आणि पोरीला चहा ठेवायला सांगितला. मला इतकं हलकं वाटलं, की मी बाजेवर बसलो. भाऊंनीही त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

चहा आला. पोरगी चांगली होती, हसतमुख. कप देता देता तिनं भाऊंना विचारलं, "पन काका, वजन उतरलं का मग?"

भाऊ खोटं बोलत नाहीत.

"उतरलं की," ते म्हणाले. "दवाखान्यात पडून पडून चार किलो उतरलं."

पोरीनं आईकडं बघितलं. आईनं पोरीकडं बघितलं. मग केशरबाईंनी कप खाली ठेवला आणि अगदी आदरानं मला विचारलं, "साहेब, दवाखाना कोन्ता म्हनलात?"