पापणीवरचं औषध

कृष्णात हवालदार शनिवारी सुट्टीवर येणार, असं आंतरदेशीय पत्र सोमवारी आलं आणि मंगळवारी सकाळी त्याची बायको उमा आरशासमोर पापण्या रंगवायला बसली. मागच्या खेपेला अकरा महिन्यांनी घरी आलेला कृष्णात आधी गोठ्यात गेला होता. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून झाला, आईच्या पाया पडून झालं आणि उमाकडे त्याचं लक्ष गेलं ते थेट ताटात भाकरी पडताना. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, पण विसरलीही नव्हती. या खेपेला त्यानं आधी आपल्याकडे बघायचं, म्हशीकडे मागाहून, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

माहेरी सांगलीला गेली असताना तिनं औषधाच्या दुकानातून एक बाटली आणली होती. बोटाएवढी बाटली, टोपणाला आतून ब्रश आणि आत पापण्यांना लावायचा पातळ निळा रंग. “रोजच्याला लावा. हलका हात ठेवला तर कुणाच्या लक्षातबी येत न्हाई,” असं दुकानदार म्हणाला होता. कुणाच्या लक्षातच येणार नसेल तर लावायचा कशाला, हे त्याला विचारायचं राहून गेलं. शनिवारपर्यंत रोज लावून हात बसवायचा, असा उमाचा बेत होता.

पण हात काही हलका राहिना. डाव्या पापणीवर रंग जास्त झाला. उजवी तिच्या बरोबरीला आणायला गेली, तर ती डावीच्या पुढे निघून गेली. मग पुन्हा डावी. रंग ओला असतानाच डोळे उघडले, तर भुवईखाली आणखी एक निळी रेघ उमटली. पुसायला जावं तोवर सगळं वाळून घट्ट झालं होतं. पाणी झालं, साबण झाला, पण निळं काही हलेना.

तेवढ्यात सासूबाई, हरणाबाई, दुधाची चरवी घेऊन आत आल्या.

“अगं बया! डोळ्यांना काय झालं तुझ्या?”

नवऱ्यासाठी नटतेय हे सासूला सांगायचा उमाला धीर झाला नाही. गावात आठ दिवस डोळ्यांची साथ होती. घरटी एक माणूस लाल डोळे चोळत बसलेलं.

“औषध हाय, आत्याबाई,” ती म्हणाली. “साथीत डोळं येऊ नयेत म्हनून. सांगलीसनं आनलंय.”

“मग एकटीच लावून बसलीस व्हय? आन हिकडं!”

हरणाबाई उमाच्या पुढ्यात मांडी घालून, डोळे मिटून बसल्या. आता मागे फिरायला वाट नव्हती. उमानं त्यांच्या पापण्या रंगवल्या, आणि गंमत म्हणजे तेव्हा तिचा हात अगदी हलका चालला.

हरणाबाईंचा स्वभाव मोठा मोकळा. चांगली वस्तू एकट्यानं वापरायची म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. दुपारी त्या बाटली घेऊन शेजारच्या सुलाबाईकडे गेल्या. सुलाबाईनं जावेला सांगितलं, जावेनं पिठाच्या गिरणीत सांगितलं आणि बुधवारी दारात रांग लागली. रांगेत पलटणीतून पेन्शनीत आलेले हरिबाही होते, मिशांना पीळ भरून.

“मलाबी लावा जरा,” ते म्हणाले. “पर दिसंल असं नगं.”

“आवं, दिसल्याबिगार गुण यील व्हय?” म्हणत हरणाबाईंनी त्यांना दोन हात जास्तीचेच दिले.

गुरुवारी बाटली संपली. उमानं ती उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“आत्याबाई, सगळं संपिवलंसा? आवं, शनवारी...”

“कळलं मला. कृष्णातासाठी थेंबबी उरला न्हाई, म्हनून जीव तुटतोय न्हवं तुझा?” हरणाबाईंना सुनेचं फार कौतुक वाटलं. “रडू नगंस. मी करती काय तरी.”

त्यांनी कपड्यांची नीळ खोबरेल तेलात कालवली. रंग हुबेहूब जमला. एवढी रंगरंगोटी झाल्यापासून गल्लीत नवे कुणाचे डोळे आले नव्हते, त्यामुळे औषधावरचा विश्वासही पक्का झाला होता. शुक्रवारी सगळ्या गल्लीला पुन्हा एक हात देऊन त्या वाटी घेऊन गोठ्यात शिरल्या.

“म्हशीला कशाला, आत्याबाई?”

“तिच्या डोळ्यांवर माश्या बसत न्हाईत व्हय? आन तू कवा लावनार?”

“माझं तीन दिस भरलं. तीनच दिस लावायचं असतंय,” उमानं ठोकून दिलं. तिच्या पापण्यांवरचा रंग एव्हाना उडाला होता आणि निळीवर नटायची तिला हौस नव्हती. या खेपेलाही आपण ताटाच्या वेळेलाच दिसणार, असं तिनं मनाशी धरून टाकलं.

शनिवारी कृष्णात एसटीतून उतरला. पाराजवळ हरिबांनी त्याला कडक सलाम ठोकला. तो सलाम घ्यायचा विसरून त्यांच्या पापण्यांकडेच बघत राहिला. गल्लीत सुलाबाई तशीच, तिची जाऊ तशीच. दारात आई उभी होती, तीही निळी. त्यानं तिथंच ट्रंक खाली ठेवली.

तेवढ्यात पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उमा बाहेर आली. कृष्णातनं तिच्याकडे पाहिलं आणि तो बघतच राहिला. पाणी पायांवरून वाहून अंगणात गेलं तरी त्याची नजर हलली नाही.

“गावात शिरल्यापासनं एक धड डोळा दिसला न्हाई बघ,” तो म्हणाला. “तुझंच तेवढं... लय देखनं डोळं हायती गं तुझं.”

आईसमोर हे बोलून गेलो हे ध्यानात येताच हवालदाराचे कान लाल झाले. उमाच्या हातातला तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी ती तो तसाच तिरका धरून उभी होती. इतकी खूश ती लग्नातही झाली नव्हती.

“डोळं मागनं बघ,” हरणाबाई काडी निळीत बुडवत म्हणाल्या. “आधी तुझं मिट.”

चहा झाला, जेवण झालं, गप्पा झाल्या. गोठ्यात कृष्णात गेला तो दिवे लागल्यावर. म्हशीनं निळ्या पापण्यांची उघडझाप केली. त्यानंही केली. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत उभी होती, आणि उमाला त्याचं आता काहीच वाटलं नाही.