भालचंद्रपंतांनी ब्लॉग वसविला त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ, श्रीशारदा समर्थ, आणि ज्यास आपला पासवर्ड आठवतो तो दोहोंहून समर्थ. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यात ब्लॉग वसवावा ऐसा मनसुबा जाहला, आणि कार्तिकारंभापावेतो त्याचे काय निष्पन्न जाहले, ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. संवत्सराचे नाव क्रोधी. पंचांगकर्त्यांस आगाऊ खबर कोणी दिली, न कळे.

राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसरे मजल्यावर तीन खोल्या आणि एक गॅलरी इतका मुलूख. सिंहासन म्हणजे संगणकापुढील फिरती खुर्ची, तिचे एक चाक गेलेले. तीवर राजश्री भालचंद्रपंत विराजमान होत. पंत जिल्ह्याचे कचेरीत भांडारपाल होते, चाळीस वर्षे चाकरी केली, आणि सरकारी भांडाराचा शिरस्ता ऐसा की टाचण्यांची डबी घेणे तरी तीन ठिकाणची दरपत्रके मागवावी, तुलनात्मक तक्ता करावा, शेरा मारावा, मग खरेदी. दुसरा शिरस्ता, माल आधी भरून ठेवावा, मागणी मागून येते. चाकरी सुटून नऊ वर्षे जाहली, शिरस्ता सुटला नाही. पंखा घेतला तो तीन दरपत्रकांनी, कुकर घेतला तो तीन दरपत्रकांनी, आणि मुली पाहिल्या त्याही तीनच, राणीसाहेब मंदाकिनीबाई त्यांतील तिसऱ्या. शेरा काय मारिला होता, ते बाईंनी बहुत वेळा पुसिले, पंतांनी अद्याप सांगितले नाही.

पंतांच्या वडील भगिनी यमूआक्का. वय एक्याऐंशी, मुक्काम लेकीचे गावी. आक्का तारुण्यात तालुक्याचे टेलिफोन एक्स्चेंजात होत्या, कानास यंत्र लावून दोन गावे जोडून देत, आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटे भरली म्हणजे मध्ये बोलून पुसत, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" त्या काळी तार क्षीण जाहली म्हणजे इकडचे बोलणे तिकडे आक्काच आपल्या तोंडाने सांगत. ऐसे ऐकिलेले आणि पोचविलेले सत्तावीस किस्से त्यांनी पोटात ठेविले होते. त्या वर्षी चैत्रात नेत्रवैद्य बोलिले, डोळ्यांचे पडदे झिजले, उपाय थोडा, दिवाळीपावेतो मोठे अक्षर वाचाल, पुढील हवाला देवाचा. तेव्हा आक्कांनी फोन केला आणि म्हणाल्या, "भाल्या, जन्मभर दुसऱ्याचं बोलणं पोचवलं रे. आता माझं एकदा पोचलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तू तो कंप्युटर घेऊन बसतोस ना, त्यावर लिही. लोकांना वाचू दे, पण आधी मला वाचू दे."

पंतांनी शपथ वाहिली की दिवाळीचे आत ब्लॉग उभा करीन. मग आठ दिवस आक्का फोनवरून सांगत आणि राणीसाहेब दोनशेपानी वहीत उतरून घेत. चैत्र सरता सरता सत्तावीस किस्से वहीत सिद्ध होते. वही तयार, आक्का तयार, संगणक तयार. आता टंकणे तेवढे राहिले. ऐसे कोणासही वाटेल. आम्हांसही वाटले. आमचे चुकले.

पंतांनी ब्लॉग वसविण्याच्या मुलखांची तीन दरपत्रके मागविली. पहिला मुलूख आयता: नाव घालावे आणि लिहू लागावे, फुकट. दुसराही फुकट, परंतु समासात परक्याच्या जाहिराती. तिसरा ऐसा की जागा आपण भाड्याने घ्यावी, नाव आपण नोंदवावे, आणि वर मनास येईल ते बांधावे. पंतांनी तक्ता आखिला, रकाने चौदा. पहिल्या दोहोंच्या दराच्या रकान्यात शून्य, तरी दोन्ही शून्ये ताडून पाहिली. मग जगातील जाणत्यांची मते घेतली. हे जाणते चित्रफितींतून बोलतात, आणि प्रत्येकजण आरंभी म्हणतो की नवशिक्याने भिऊ नये, आणि मग पाऊण तास भिववितो. कोणी म्हणे पहिल्या मुलखात गेलास तर जन्माचा फसलास, कोणी म्हणे तिसऱ्यात गेलास तर दिवाळे निघेल. पंत सर्वांस मान डोलवीत. यात वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आक्का दर गुरुवारी फोन करीत.

"भाल्या, झालं का?"

"आक्का, पाया घालतोय. पाया पक्का पाहिजे."

"अरे, इमारत बांधतोयस का? मला चार ओळी वाचायच्यात."

आषाढात शेरा जाहला. पंतांनी तिसरा मुलूख पसंत केला, कारण तेथे जोडहत्यारे, ज्यांस जाणते प्लगइन म्हणतात, साठ हजार मिळतात. पहिल्यात गिनतीची. राणीसाहेब बोलिल्या, "लिहायला किती लागतात?" पंत बोलिले, "लागतील तेव्हा शोधत बसायचं का? माल आधी भरलेला बरा." राणीसाहेब भाजी निवडीत होत्या, त्यांनी देठे जरा जोराने मोडिली.

मग हत्यारांची भरती सुरू जाहली, तिचे वर्णन करिताना लेखणी वैतागते. नक्कल राखणारे एक हत्यार आणिले, ते नित्य सकाळी राज्याची नक्कल करून ठेवी. राज्यात मजकूर काय होता? यंत्राने आपणहून लिहिलेली नमुन्याची एक ओळ, नमस्ते जगा. त्या एका ओळीच्या छप्पन्न नकला सुरक्षित जाहल्या. दुसरे हत्यार लेखनाची परीक्षा करून दिवा दाखवी, लेखन बरे तर हिरवा, वाईट तर लाल. लेखनच नाही, सबब दिवा लाल. पंत चिंताक्रांत होऊन दिव्याच्या कारणांचा शोध करीत बसले. आणि नमुन्याच्या ओळीखाली परमुलखीचे लोक अभिप्राय देऊ लागले, बहुत सुंदर लेख, आमचे जोडे घ्या, आमच्या गोळ्या घ्या. पंत दोन दिवस हरखून होते की वाचक आले. तिसरे दिवशी ते फेरीवाले ऐसे कळले तेव्हा पहारेकरी हत्यार आणिले. मग जाणता बोलिला की याहून तो पहारेकरी बरा, तेव्हा तोही आणिला, पहिला काढिला नाही, कारण भांडारातून माल काढणे तर निर्लेखनाची, म्हणजे माल वहीतून कमी करण्याची, मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारे साहेब कचेरीत राहिले. मग दोन्ही पहारेकरी एकमेकांस चोर समजून झुंजले, राज्य मंद जाहले, आणि राज्य मंद जाहले म्हणोन वेग वाढविणारे हत्यार आणिले, त्याने मंदपणा दुणावला. दुखणे परवडले, औषध नको, ऐसे आम्ही ऐकत होतो, तेथे डोळ्यांनी पाहिले.

श्रावण वद्यात अनर्थ जाहला. पंतांनी पासवर्ड तीन वेळ चुकीचा घातला, आणि पहारेकऱ्याने राजासच शत्रू ठरवून राज्याबाहेर घातले. चार दिवस पंत आपल्याच वेशीबाहेर बसून होते. जागा भाड्याने देणाऱ्यांचे मदतकक्षास एकवीस पत्रे लिहिली, तेव्हा दार उघडले. आत जाऊन पंतांनी प्रथम काय करावे? किस्सा टंकावा? नाही. विसरलेला पासवर्ड आठवून देणारे हत्यार आणिले. भाद्रपदाअखेर साठ्याच्या वहीत हत्यारे एकतीस, आणि ब्लॉगात ओळ एक.

याच सुमारास आक्कांचे गुरुवारचे बोलणे थोडे जाहले. "झालं का" ऐसे पुसत ना. "मोठं छापलेलं पंचांग आज दोनदा हातात धरलं," म्हणाल्या, "तिथी लागली नाही." पंत बोलिले, "आक्का, दसऱ्याला नक्की." फोन ठेविल्यावर ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. त्यांस काळजी नव्हती ऐसे नाही, आणि तीच गोम. काळजी होती म्हणोनच प्रत्येक दारास तीन कुलुपे घातली.

दसऱ्यास ब्लॉगाचे उद्घाटन जाहले. सुमुहूर्त पाहून, संगणकास झेंडूचे फूल वाहून, पंतांनी एक किस्सा, फक्त एक, टंकून चढविला आणि दुवा आक्कांस धाडिला. आक्कांनी फोन डोळ्यांशी धरून उघडिला. प्रथम खिडकी आली की आमच्या अटी मान्य करा. ती मिटविली तो दुसरी, सदस्य व्हा. ती मिटविली तो घंटेचे चित्र, सूचना पाठवू का? ती मिटविली तो कोपऱ्यातून एक यंत्रमानव हात हलवीत आला, मी आपली काय मदत करू? आक्कांनी लेकीकडून त्यास लिहविले, माझी गोष्ट कुठे आहे? त्याने उत्तर दिले, आपला प्रश्न समजला नाही. मग एकदाची गोष्ट दिसली, ती पंतांनी नामांकित कारागिराच्या नमुन्यावरून सजविलेली, पांढऱ्यावर राखी, बारीक, नाजूक अक्षर. पाऊण तासाने आक्कांचा फोन आला.

"भाल्या, मी नुसत्या फुल्या शोधतेय रे. एक खिडकी मिटली की दुसरी. आणि अक्षरं अशी फिकी, ताकात पाणी घातल्यासारखी. सगळं आहे तुझ्या ब्लॉगात, मी कुठे आहे?" आणि पंत काही बोलण्याआधी हळूच म्हणाल्या, "राहू दे. दोष माझ्याच डोळ्यांचा."

पंतांचा चेहरा उतरला. ते बोलिले, "अक्षर मोठं करायचंही प्लगइन असतं. तीन प्रकारची आहेत, मी तुलना करून..."

तेव्हा राणीसाहेब मंदाकिनीबाई उठल्या. सहा महिने राखिलेला संयम सुटला. "उठा," म्हणाल्या, "उठा त्या खुर्चीतून! घरातलं म्हातारं माणूस अंधारात चाललंय, आणि तुम्ही कंदिलांची दरपत्रकं मागवताय. चाळीस वर्षं टाचण्या सांभाळल्यात, एक कागद तरी टाचलात का कधी?" हे बोलणे कठोर होते. परंतु खोटे नव्हते, आणि पंत उठले.

बाईंनी आषाढात नापसंत जाहलेला तो पहिला, फुकटचा, आयता मुलूख उघडिला. नाव घातले, यमूआक्का. रंग पांढरा, अक्षर काळे, जितके मोठे होते तितके. खिडकी नाही, घंटा नाही, पहारेकरी नाही. गॅसवर भात ठेविला होता, त्याच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत ब्लॉग उभा जाहला. आम्ही शिट्ट्या मोजल्या आहेत. मग वही मांडीवर घेऊन पहिला किस्सा टंकिला. तो ऐसा की एके वर्षी वराच्या बापाने वधूच्या बापास ट्रंक कॉल केला, तार क्षीण, एकमेकांस ऐकू येईना, तेव्हा वराचा बाप आक्कांस संतापून बोलिला, "लग्न मोडलं म्हणून सांगा त्यांना!" आणि आक्कांनी पलीकडे सांगितले, "ते म्हणतात, रविवारी समक्ष येऊन बोलू या." रविवारी मंडळी भेटली, बोलली, आणि मोडणारे लग्न लागले. आक्कांनी हे पंचावन्न वर्षे कोणास सांगितले नव्हते. एकदाच खोटे पोचविले, ते लिहून मोकळे व्हावे, ही त्यांची मुख्य इच्छा होती.

संध्याकाळी आक्कांचा फोन आला. म्हणाल्या, "पोचलं."

दसऱ्यापासून दिवाळीपावेतो बाई टंकीत गेल्या आणि आक्का वाचीत गेल्या, एकेक किस्सा तीन तीन, चार चार दिवस, ओळीवर बोट ठेवून. पाच वाचिले. सहावा नरकचतुर्दशीस उघडिला आणि म्हणाल्या, पान पांढरं दिसतंय, नुसतं पांढरं. चैत्रात सत्तावीस सिद्ध होते. ज्येष्ठात टंकिले असते तर सत्तावीसही वाचून होते. हे आम्ही पुन्हा लिहीत नाही, एकदा लिहिले ते पुरे, पंतांनी वाचावे एवढ्यासाठी लिहिले.

एवंच, मुलूख पाहिले तीन, तक्त्याचे रकाने चौदा, हत्यारे एकतीस, नकला छप्पन्नांवर, महिने सात, आणि आक्कांच्या डोळ्यांस मिळाले किस्से पाच. हे लिहिणारे कोण, ते पुसू नये. त्या राज्यात लेखणी धरणारी माणसे दोन, त्यांतील एकास अजून तक्ता आवडतो. परंतु दिवाळीच्या पाडव्यापासून पंत नित्य सकाळी मोडक्या चाकाची खुर्ची गॅलरीत नेतात, कोणतेही हत्यार न लावता वही उघडतात, आणि उरलेले किस्से आक्कांस फोनवर वाचून दाखवितात. पहिल्या दिवशी सहावा किस्सा वाचताना पंत मध्येच थांबले. पलीकडून आक्का आपल्या जुन्या कचेरीच्या आवाजात बोलिल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवलीत. बोला." येथे लेखणी ठेविली.