महाशेकरूची शेवटची उडी

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी रडण्यात पटाईत झाले होते.

पूर्वी त्यांना रडता येत नसे. हरणे पळत, वाघ खात, माकडे ओरडत. रडायला सवड कुणाला होती? मग जंगलात सिनेमा आला.

दोन सागवानांच्या मध्ये एक पांढरी चादर ताणलेली असे. मागे काजव्यांची फौज बसे. तिन्हीसांजा झाल्या की काजवे पेटत, चादर उजळे आणि खेळ सुरू होई. सिनेमाचे नाव होते 'महाशेकरू'. तो काढला होता कल्पनाथ नावाच्या कोल्ह्याने.

नायक होता उडाणराव. शेकरू कधी पाहिले आहे का तुम्ही? नसेल तर एक खार घ्या, तिला मांजराएवढी फुगवा, तांबूस रंग द्या आणि झाडाच्या शेंड्यावर ठेवा. झाले शेकरू. उडाणरावाची शेपटी तर इतकी झुपकेदार, की वारा सुटला की आधी शेपटी पुढे जायची आणि तिच्या मागोमाग उडाणराव.

सिनेमात उडाणराव लाल उपरणे पांघरून हवेत उडे. शेपटीच्या एकेका फटकाऱ्याने दोन वणवे विझवी. मध्यंतराच्या आधी तर तो आभाळातून एका काळ्याभोर ढगाचा कान धरून त्याला खाली आणी आणि डोंगराला वेलीने बांधून ठेवी. प्रेक्षक शिट्ट्या वाजवत. ज्यांना शिट्टी येत नसे ते शेजाऱ्याला चावत.

आणि मग येई शेवट.

शेवटी अग्निमुख नावाचा राक्षस जंगलाला आग लावतो. महाशेकरू आगीकडे पाहतो. मागे वळून जंगलाकडे पाहतो. म्हणतो, "आता एकच मार्ग उरला आहे!" आणि उपरण्यासकट आगीत उडी घेतो. आग विझते. वर राहतो फक्त धूर.

इथे सगळे जंगल हमसून हमसून रडे. हत्ती रडला की पुढच्या रांगा भिजत. मगरही रडे, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे.

एकटी झुपकाबाई रडत नसे. ती उडाणरावाची बायको. नवरा उडी घेऊ लागला की ती डोळ्यांवर पंजे ठेवी आणि धूर निघून गेल्यावरच काढी. रोज खेळ, रोज तेच. खोटे आहे हे तिला ठाऊक होते. खरा नवरा शेजारीच शेंगा सोलत बसलेला असे. तरी पंजे डोळ्यांवर जातच.

एके दिवशी मात्र तिने पंजे काढले आणि मोठ्याने विचारले, "अहो, पण तो ढग कुठे गेला?"



"कसला ढग, वहिनी?" कल्पनाथ म्हणाला.

"मध्यंतराआधी यांनी कान धरून आणला तो. डोंगराला बांधून ठेवलाय अजून. सोडला असता, आग विझली असती. उडी कशाला?"

"वहिनी," कल्पनाथ हसून म्हणाला, "ढगानं आग विझवली तर रडणार कोण?"

"आणि शेपटीचा फटकारा? दोन वणवे विझवले ना तिनं? तिसऱ्याला काय शेपटी दुखत होती?"

आता घुबड खाकरले. त्याला अंधारात दिसत असे, म्हणून ते सिनेमाचे समीक्षक झाले होते. "बाई," ते म्हणाले, "तो ढग म्हणजे ढग नव्हे. ती आपल्या सर्वांच्या मनातली ओल आहे. आणि ती उडी म्हणजे उडी नव्हे."

"मग काय आहे?"

"ते मी लिहिणार आहे," घुबड म्हणाले आणि त्याने डोळे मिटले.

सगळ्या जंगलाने झुपकाबाईला गप्प केले. कुणी म्हणाले, हिला कला कळत नाही. कुणी म्हणाले, ही जळते. घरी परतल्यावर उडाणरावही फुगून बसला. शेपटीपेक्षा तोंड मोठे झाले.

"लोक मला मान देतात ते तुला बघवत नाही," तो म्हणाला.

"लोक तुम्ही मेलात म्हणून मान देतात," झुपकाबाई म्हणाली. "मला तुम्ही जिवंत लागता. ढोलीत पानं कोण आणून देणार?"

"माझा त्याग महान आहे!"

"असेल. पण ढग बांधलेला होता."

उडाणराव त्या दिवशी दुसऱ्या फांदीवर झोपला.

उन्हाळा आला, बाळांनो. जंगलाच्या कडेला मोठा माळ होता. त्यावरचे गवत वाळून पिवळे झाले. एका दुपारी पलीकडच्या बेटात बांबूवर बांबू घासला आणि ठिणगी पडली. खरी. माळाच्या त्या टोकाला आग लागली.

आता खरी गंमत ऐका. दरवर्षी आग लागायचीच. आणि दरवर्षी सगळे प्राणी मिळून जंगलाच्या कडेने गवताचा एक पट्टा उपटून काढत. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते, खायला काही मिळत नाही, आणि उपाशी मरते. त्यात काही कौतुक नव्हते. पाठ दुखे, नाकात धूळ जाई, आणि कुणी शिट्टीही वाजवत नसे.

पण यंदा कुणाला जाळरेषा आठवलीच नाही. सगळे पळत सुटले ते उडाणरावाच्या झाडाखाली.

"महाशेकरू! वाचवा!"

"उडी मारा!"

उडाणराव तेव्हा आंबा खात होता. आंबा खाली पडला. तो रानडुकराने उचलला.

"मी?" उडाणराव म्हणाला.

"तुम्हीच!" वाघ म्हणाला. हा त्या जंगलाचा राजा. त्याने श्रद्धांजलीचे भाषण येतानाच तयार केले होते आणि मनात घोकत होता. "उडाणराव, जंगलाला आपला अभिमान होता."

"होता?"

"आहे, आहे. थोडा वेळ आहे."

मला उडता येत नाही, ती वेलींची करामत होती, हे सांगावे असे त्याला वाटले. पण समोर सारे जंगल मान वर करून उभे. पिल्लांना खांद्यावर घेतलेले. मागच्यांनी टाचा उंचावलेल्या. एवढ्यांसमोर "नाही" म्हणायला जे धैर्य लागते, ते त्याला आगीत उडी मारण्याच्या धैर्यापेक्षा मोठे वाटले. कल्पनाथाने त्याच्या गळ्यात लाल उपरणे अडकवले आणि कानात सांगितले, "उडीआधी मागे वळून बघायला विसरू नका. तिथंच रडतात."

वरात निघाली. माळाच्या कडेला, जिथे जंगल संपते, तिथे एक उंच हिरडा होता. उडाणरावाला त्याच्या शेंड्यावर चढवले. लांबून धुराची भिंत सरकत येत होती.

झुपकाबाई धावत आली. "अहो, थांबा! काय चाललंय? गवत काढा गवत! दरवर्षी काढतो तसं!"

"वहिनी, शेवट बिघडवू नका," कल्पनाथ म्हणाला.

"आग यायला वेळ आहे! सगळ्यांनी हात लावला तर—"

"हिला पुन्हा ढग आठवला," माकडे खिदळली.

तिने वाघाचे पाय धरले. वाघ म्हणाला, "ताई, त्यागाच्या आड येऊ नये. पुतळ्याची जागाही आम्ही बघून ठेवली आहे. सावली आहे तिथे."

झुपकाबाईने वर पाहिले. शेंड्यावर शेपटी थरथरत होती. वारा नव्हता.

मग तिने डोळे पुसले. एकदम आवाज बदलला. "बरं बाई! उडी तर उडी. पण मी बायको आहे, मला पहिली रांग पाहिजे. आणि हे काय? इथं गवत हे एवढं उंच! ते उडी मारतील आणि दिसणार काय, कुसळं?"

सगळे चपापले. खरेच की! गवत हरणाच्या कानांपर्यंत आलेले. एवढी मोठी उडी, आणि नेमकी पडताना दिसणार नाही?

"मागच्यांना तर काहीच दिसायचं नाही," ससा कळवळून म्हणाला.

"मग काढा ना गवत!" झुपकाबाई म्हणाली. "जंगलाच्या या टोकापासून त्या ओघळीपर्यंत, सगळी मोकळी जागा करा. ऐसपैस बसू. कुणी कुणाच्या डोक्यामागं नको."

बाळांनो, चांगली जागा मिळवण्यासाठी प्राणी जे काम करतात, ते जीव वाचवण्यासाठी करत नाहीत. रानडुकरांनी नांगरट सुरू केली. हत्तीने गवताचे भारे उपटून मागे भिरकावले. गव्यांनी जमीन तुडवून गुळगुळीत केली. सांबरे चरत सुटली. माकडांनी पालापाचोळा वेचून फेकला, कारण बसायला टोचतो. मगरीने शेपटीने झाडलोट केली. ससा तर पुन्हा पुन्हा ओरडत होता, "अजून थोडं पुढचं काढा, माझी मान पोचत नाही!"

वर उडाणराव भाषण करत होता.

"माझ्या जंगलवासीयांनो! जाण्यापूर्वी मी ज्या फांदीवर जन्मलो त्या फांदीचे आभार मानतो."

टाळ्या.

"आता एकच मार्ग—"

"अहो!" खालून झुपकाबाई ओरडली. "आत्याबाईंचे आभार राहिले!"

उडाणरावाने खाली पाहिले. बायकोच्या डोळ्यांत पाहिले. आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो तिचे मुकाट ऐकायला तयार झाला. "माझ्या आत्याबाई," तो म्हणाला, "मूळच्या घाटाखालच्या..."

त्याने आत्याबाईंचे आभार मानले. आत्याबाईंच्या दिरांचे मानले. ज्या जांभळीने त्याला पहिले जांभूळ दिले तिचे मानले. मधेच थांबला की खालून आवाज येई, "मामंजींचं राहिलं!" "धाकट्या नणंदेचं राहिलं!" घुबडाला उन्हात काही दिसत नव्हते. ते शेजाऱ्याला विचारत होते, "पडला का? पडला का?"

आग जवळ आली. तडतडत, फुत्कारत, पिवळी दाढी हलवत आली. सगळे मोकळ्या जागेच्या मागच्या कडेला सरकून बसले. पिल्लांना पुढे ढकलले. कल्पनाथ ओरडला, "आता!"

उडाणराव उभा राहिला. त्याने मागे वळून पाहिले. सगळे रडायला लागले.

तेवढ्यात आग मोकळ्या पट्ट्याच्या तोंडाशी आली. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. खायला काडी नव्हती. ती जराशी खोकली. बसली. आणि विझली.

माळावर धूर राहिला. हिरड्यावर उडाणराव राहिला.



"एवढंच?" रानडुक्कर म्हणाले.

"हा काय शेवट झाला?" ससा म्हणाला. "मी एवढी मान काढली!"

"फसवणूक!" माकडे ओरडली.

वाघाचा चेहरा उतरला होता. "माझ्या भाषणाचं काय?"

"मंडळी, शांत व्हा!" कल्पनाथ पुढे झाला. "रीटेक घेऊ. तो कोपरा अजून धुमसतोय. जरा फुंकर मारली की पेटेल. उडाणराव, जागेवर थांबा!"

आणि सगळे जंगल खरोखर फुंकर मारायला धावले.

तेव्हा, बाळांनो, उडाणराव खाली उतरला. सरसर उतरला. त्याने गळ्यातले उपरणे काढले आणि दोन्ही पंज्यांवर धरून पुढे केले. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"शेवट फार सुंदर आहे," तो म्हणाला. "मलाही आवडतो. ज्याला हवा असेल त्यानं हे घालावं आणि उडी मारावी. मी पहिल्या रांगेत बसून रडीन. शब्द देतो."

उपरणे आधी वाघासमोर आले. वाघ म्हणाला, "राजाला उपरणं चालत नाही. शिष्टाचार आहे."

हत्ती म्हणाला, "मला आखूड होईल."

ससा म्हणाला, "मला लांब होईल."

हरीण म्हणाले, "लाल रंग मला खुलत नाही."

मगर म्हणाली, "मी रडते की. सगळ्यांनी तेच तेच कशाला करायचं?"

घुबड म्हणाले, "मी समीक्षक. आम्ही उड्यांवर लिहितो."

उपरणे फिरत फिरत कल्पनाथाकडे आले. त्याने ते पाहिले, घडी घातली आणि म्हणाला, "खरं सांगू? कोपरा विझलेलाच बरा दिसतो."

मग सगळ्यांना एकदम घरची कामे आठवली. कुणाचे पिल्लू रडत होते, कुणाचे बीळ उघडे राहिले होते. माळ रिकामा झाला. उरले दोघेच.

"उडी मारली असतीत का हो?" झुपकाबाईने विचारले.

उडाणरावाने शेपटीवरची राख झटकली. "आत्याबाईंचं संपलं असतं," तो म्हणाला, "तर मारली असती. लाजेनं."

झुपकाबाईने त्याला एक चापट मारली आणि मग त्याच्या शेपटीत तोंड खुपसून ती रडली. त्या जंगलात तसे रडणे कुणाला येत नव्हते. पाहायला कुणी नव्हते तेच बरे.

पुढे काय झाले? कल्पनाथाने नवा सिनेमा काढला. त्यात माळावर आग येते आणि महाशेकरू भाषण न करता उडी मारतो. सिनेमा तुफान चालला. हळूहळू जंगलाला आठवू लागले, की उडी मारलीच होती. ससा तर सांगे, "मी होतो ना पहिल्या रांगेत. माझ्या अंगावर ठिणगी उडाली." वाघाने पुतळा बसवला. भाषणही केले. चांगले झाले.

पुतळ्यापाशी दरसाल मेळा भरू लागला. एकदा उडाणराव बायकोबरोबर तिथे गेला. वाघाने त्याला निरखून पाहिले.

"तुम्ही ओळखीचे वाटता. महाशेकरूंचे कोण?"

"मी उडाणराव. तोच."

"अरेरे!" वाघाने डोळे पुसले. "फार भला होता हो. असे आता होत नाहीत."

उडाणराव रागाने लाल झाला. "अहो, मी जिवंत—"

झुपकाबाईने त्याची शेपटी ओढली.

"गप बसा आणि चला," ती कानात म्हणाली. "मेलेल्याला कुणी उडी मार म्हणत नाही."

उडाणरावाने पुतळ्याला नमस्कार केला, प्रसादाची बोरे घेतली आणि दोघे फांद्या ओलांडत घरी गेले.

तात्पर्य : बलिदान फार थोर असते. ते दुसऱ्याने जरा लवकर उरकावे, म्हणजे आपल्याला रडून दिवसाउजेडी घरी जाता येते.