यकृताबाबत तक्रार : निरंक

तक्रार न येणं हे उत्तम कारभाराचं निर्विवाद लक्षण आहे. घर असो, कार्यालय असो की शरीर, जिथून आवाज येत नाही तिथे सगळं सुरळीत चाललेलं असतं, हे गृहीत धरल्याशिवाय कोणतीही व्यवस्था चालवता येत नाही. (काहींनी गृहीत न धरता चालवून पाहिली. त्यांच्या बदल्या झाल्या.) याच तत्त्वावर आमची शाखा उभी होती आणि याच तत्त्वावर आमच्या भावोजींचं यकृतही चाललं होतं.

आमची शाखा म्हणजे शहराच्या पाणीपुरवठा खात्याची तक्रार निवारण शाखा. भावोजी, म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचे यजमान, या शाखेचे प्रमुख. मी तिथे नोंदवही सांभाळतो. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच ते माझे साहेब असतात, त्यानंतर भावोजी. मी त्यांच्याच हाताखाली कसा लागलो याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.

तशी गेल्या सहा वर्षांत कशाबद्दलच आली नव्हती. भावोजी येण्यापूर्वी या शाखेत वर्षाला चार हजार तक्रारी यायच्या आणि खिडकीवर रोज भांडणं व्हायची. भावोजींनी कोणावर आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त पद्धत सुधारली. खिडकी तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेली (वर उजेड चांगला आहे, लिफ्ट नाही). वेळ दुपारी सव्वातीन ते पावणेचार ठेवली. अर्ज तीन प्रतींत मागवला आणि सोबत नळाचा फोटो, ज्यात पाणी न येणं स्पष्ट दिसलं पाहिजे. एवढं करूनही जे वर पोचत, त्यांच्या अर्जांचं वर्गीकरण होई. पहिल्या वर्षीचे आकडे माझ्याकडे आहेत : एकेचाळीस टक्के भावना, तेहेतीस टक्के सूचना, बावीस टक्के गैरसमज आणि उरलेले चार टक्के कौतुक, पण कडक शब्दांत. तक्रार या सदरात निरंक. दुसऱ्या वर्षी वर्गीकरण करण्याइतकेही अर्ज आले नाहीत, आणि खात्याने आम्हाला 'शून्य तक्रार' प्रमाणपत्र दिलं. पुढे ते दरवर्षीच मिळू लागलं.

भावोजींच्या टेबलामागे शहराचा नकाशा आहे. जिथून तक्रार नाही तिथे हिरवी टाचणी. गोदामामागच्या गल्लीत तर त्यांनी दोन टाचण्या लावल्या होत्या, कारण तिथून तक्रार तर सोडाच, साधी भावनासुद्धा कधी आली नव्हती. कामानिमित्त मी एकदा त्या गल्लीत जाऊन आलो. तिथल्या नळांवर कपडे वाळत घातले होते आणि ते चांगले कडकडीत वाळले होते. मी हे भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, समाधानी वस्ती आहे.

आता यकृताकडे वळू. खात्यातर्फे दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासलं जातं. भावोजींच्या अहवालात यकृताची म्हणून जी काही सदरं असतात, त्यांतला प्रत्येक आकडा नेमून दिलेल्या मर्यादेत बसायचा. चाळीसपर्यंत चालतो तिथे यांचा एकतीस, कधी चौतीस. पहिल्याच वर्षी भावोजींनी तो अहवाल चौकटीत बसवून घेतला, खाली लाल शाईने 'यकृताबाबत तक्रार : निरंक' असं लिहिलं आणि केबिनच्या भिंतीवर लावला. सहा वर्षांत सहा चौकटी ओळीने लागल्या. आलेल्यागेलेल्याला ते आधी प्रमाणपत्रं दाखवत, मग या चौकटी. पाहुणे दोन्हींकडे सारख्याच आदराने बघत.

यकृताची काळजी करावी असं भावोजींच्या वागण्यात काही नव्हतंही. दारूला ते शिवत नाहीत. सिगारेटचा वास आला तर खिडकी उघडतात. त्यांना साखर आहे, नऊ वर्षं झाली, पण साखर हे वेगळं खातं आहे आणि दोन खात्यांची सरमिसळ भावोजींना खपत नाही. पोट आहे, ते हुद्द्याला शोभतं. जेवणानंतर डुलकी लागते आणि दोन जिने चढले की दम लागतो, म्हणून ते तिसऱ्या मजल्यावरून दिवसभर खालीच उतरत नाहीत. यातलं काहीही अहवालात येत नाही, आणि अहवालात जे येत नाही त्याला काय अर्थ आहे.

माझी ताई शिवणकाम करते. तिच्याकडे मापांची एक जाडजूड वही आहे, त्यात एकेका गिऱ्हाइकाला एक आडवी ओळ असते आणि दर वर्षीचं माप त्या ओळीत पुढे पुढे लिहिलं जातं. माणूस आज केवढा आहे यापेक्षा गेल्या खेपेपासून कुठे सरकला आहे, हे ती आधी बघते. भावोजींच्या कमरेची ओळ तिला पाठ आहे : सहा वर्षांत साडेचार इंच. हा तिचा धंद्याचा दोष म्हणावा लागेल, कारण त्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

एके दिवशी भावोजी साखरेच्या गोळ्या घरी विसरले. ताई त्या द्यायला आली, तेव्हा भावोजी त्याच मजल्यावरच्या वरिष्ठांकडे गेले होते. ती केबिनमध्ये वाट बघत बसली आणि बसल्या बसल्या भिंतीवरच्या चौकटी तिने आडव्या वाचल्या. आजवर सगळ्यांनी त्या उभ्या वाचल्या होत्या, एका वेळी एक. ताईला यकृतातलं काही कळत नाही, म्हणून ती नको त्या ओळीवर थांबली. ती ओळ होती रक्तातल्या प्लेटलेट्सची. पहिल्या वर्षी अडीच लाख, मग दोन लाख तीस हजार, मग दोन लाख पाच हजार, मग एक लाख ऐंशी, एक लाख सदुसष्ट, एक लाख चोपन्न. दीड लाखाच्या वर सगळं नॉर्मल असतं. म्हणजे सहाही वर्षं नॉर्मल होती, फक्त दर वर्षी थोडी कमी नॉर्मल. ताईने ते सहा आकडे गोळ्यांच्या पाकिटावर लिहून घेतले आणि भावोजींची वाट न बघता सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई आमच्या घरच्याच म्हणायच्या इतक्या जुन्या. त्यांनी पाकीट वाचलं, भावोजींची साखर आणि कमर विचारली, यकृत कडक होत गेलं की प्लेटलेट्सही उतरत जातात असं म्हणाल्या आणि यकृताचा कडकपणा मोजणारं स्कॅन करायला सांगितलं. सुई नाही, दुखत नाही, दहा मिनिटं लागतात. भावोजींनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की सहा अहवालांवर नॉर्मल असं छापलेलं आहे, आणि छापील गोष्टीची फेरतपासणी मागणं म्हणजे छापणाऱ्यावर अविश्वास दाखवणं. ताईने तीन आठवडे सांगून पाहिलं. ती रडली, हे मला माहीत आहे, कारण ती माझ्याकडे येऊन रडली. भावोजींनी तिच्या बोलण्याची 'भावना' या सदरात नोंद घेतली असावी.

मग एका शुक्रवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, खिडकीत ताई उभी राहिली. तीन मजले चढून आल्याने तिला धाप लागली होती. तिच्या हातात अर्ज होता, तीन प्रतींत. विषय : अर्जदाराचे यजमान यकृताचं स्कॅन करून घेत नसल्याबाबत. सोबत यजमानांचा फोटो जोडला होता, त्यात स्कॅन न करणं स्पष्ट दिसत होतं. तळाशी कंसात लिहिलं होतं, 'ही भावना नाही.' मी पावतीचा शिक्का मारला. भाऊ म्हणून मारला की कारकून म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी यंदाच्या प्रमाणपत्रासाठी वरिष्ठांचं पथक नोंदवही बघायला येणार होतं. भावोजींनी अर्ज दोनदा वाचला. हा विषय शाखेच्या कार्यकक्षेत येत नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं, पण कार्यकक्षेबाहेरची तक्रार फेटाळायची तर आधी तिला क्रमांक द्यावा लागतो, आणि क्रमांक दिला की ती एक होते. अर्ज गहाळ करता आला असता, पण शिक्का मारलेली तिसरी प्रत ताईच्या पर्समध्ये होती. उरला फक्त नियम अकरा, जो भावोजींनी स्वतःच्या हाताने लिहिला होता : तक्रारदाराचं समाधान त्याच दिवशी कार्यालय सुटण्यापूर्वी झाल्यास, ते प्रकरण नोंदवहीत न घेता 'संवाद' समजण्यात यावं.

स्कॅन केंद्र साडेपाचला बंद होतं. त्यासाठी तीन-चार तास पोटात काही नसावं लागतं. त्या दिवशी ताईने भावोजींना डबाच दिलेला नव्हता आणि त्यांच्या खणातली बिस्किटं सकाळपासून सापडत नव्हती. (याबाबत माझी चौकशी झाली नाही.) शाखेच्या इतिहासात एखाद्या प्रकरणाचा इतका जलद निपटारा पूर्वी झालेला नव्हता.

कडकपणाचा आकडा सातच्या आत हवा होता, तो बारा आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. भावोजींनी सहाही चौकटी पिशवीतून आणल्या होत्या आणि त्या एकेक करून टेबलावर मांडल्या. खोटे आहेत का हे, असं त्यांनी विचारलं.

"खोटं काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृताची पेशी फुटली की तिच्यातलं थोडं रक्तात सांडतं. आपण मोजतो ते ते सांडलेलं. पेशी हळूहळू, गुपचूप गेल्या तर फार सांडत नाही. आणि पुढे पुढे तर सांडायला तेवढ्या उरतच नाहीत. मग आकडा आणखीच छान येतो."

मग त्यांनी सांगितलं की पोटावरची चरबी आणि साखर यांमुळे, दारूशिवायही, यकृतावर चट्टे बरेच पडले आहेत, पण अजून सगळं हाताबाहेर गेलेलं नाही. वजन उतरवा, साखर ताब्यात आणा, दर सहा महिन्यांनी या. ताईने भावोजींचा हात धरला होता आणि तिने तो सोडला नाही. मला त्या क्षणी साहेबांची नाही, भावोजींचीच भीती वाटली, म्हणजे त्यांना काही होईल याची. हे सरळ लिहितो, कारण याला दुसरं सदर नाही.

बाहेर आल्यावर भावोजी पायरीवर बसले.

"त्या गोदामामागच्या गल्लीत पाणी येतं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"सांगता येणार नाही," मी म्हणालो. "तक्रार आलेली नाही."

सोमवारी पथक आलं तेव्हा नोंदवहीत क्रमांक एक होता. तो गोदामामागच्या गल्लीचा होता, अर्जदाराच्या रकान्यात भावोजींची सही होती, आणि फोटो जोडलेला नव्हता. प्रमाणपत्र दुसऱ्या शाखेला गेलं. खिडकी आता तळमजल्यावर आहे, गेल्या महिन्यात तिथे दोनशे बारा तक्रारी आल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याविरुद्ध आहेत. भावोजी रोज तिसऱ्या मजल्यावरून चार वेळा खाली-वर करतात. आठ किलो उतरले आहेत, कडकपणाचा आकडा बारावरून दहावर आला आहे, आणि ताईने त्यांच्या सगळ्या पँटी आत घेतल्या आहेत.

ही हकीकत मी आजवर अकरा जणांना वाचून दाखवली. अकराही जण दारूला शिवत नाहीत (असं ते म्हणतात), सात जणांना साखर आहे, आणि नऊ जणांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं आहे. सगळे पोट धरून हसले आणि शेवटी प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली : आमच्या ओळखीत अगदी अशीच दोन-चार माणसं आहेत, त्यांना हे वाचायला द्यायलाच हवं. मी सवयीने प्रत्येकाकडून नावांची यादी लिहून घेतली. याद्या ताडून बघतो तर ते अकराही जण कोणाच्या ना कोणाच्या यादीत होते. (माझं नाव चार याद्यांत आहे. माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत.) आपल्याही मनात एव्हाना कोणाचं तरी नाव आलंच असेल. त्यांना जरूर वाचायला द्या. फक्त त्याआधी, हे आपल्या हातात कोणी दिलं आणि देताना ते आपल्या पोटाकडे का बघत होते, तेवढं एकदा आठवून पाहा.